पाण्यातली झोळी

खराडी,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मेहजबीन,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. कोणी गेलंबिलं नाही. पत्र लिहितेय, कारण घरात फोनवर बोलता येत नाही. आमोदने शाल्मलीसाठी हॉलमध्ये आणि झोपायच्या खोलीत कॅमेरे बसवलेत. तो आणि अस्मिता दोघंही ऑफिसातून आम्हाला बघू शकतात, ऐकूही शकतात. परवा मी तिला मांडीवर घेऊन गात होते, तर भिंतीवरून माझ्याच मुलाचा आवाज आला, "आई, तिचं नाक वाहतंय." मी नाक पुसलं. गाणं पुढे आठवेना. माझं व्हॉट्सअ‍ॅपही त्याने घरच्या टॅबला जोडून दिलंय, नातीचे फोटो मोठे दिसावेत म्हणून. कोणाचा निरोप आला की हॉलमध्ये सगळ्यांना दिसतो.

स्वयंपाकघरात मात्र कॅमेरा नाही. ओट्याशी उभी राहून लिहितेय. शाल्मली पायाशी बसून चमच्यांचा डबा उपसतेय. दहा महिन्यांची झाली. ललिता भांडी आटपून घरी जाताना हे पेटीत टाकेल. शाळेत मराठी बोललं की चॅपलबाहेर उभं करायचे, म्हणून आपण बाकाखालून मराठीत चिठ्ठ्या द्यायचो, आठवतं? चौसष्टाव्या वर्षी पुन्हा तेच.

आता कामाचं. अस्मिताला बाळ अंगाला बांधायची झोळी हवी आहे, पण पाण्यात चालेल अशी. आमच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे, तिथे बाळाला घेऊन उतरायचं म्हणते. तिचा बाजारच्या शिवणीवर विश्वास नाही. मी म्हटलं, शिवणीवर विश्वास ठेवावा अशी बाई पुण्यात एकच आहे. मापं अशी : उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेपर्यंत अठ्ठावीस इंच, छाती अडतीस. डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे, तेवढं बघ.

मैनुद्दीनभाई कसे आहेत?

तुझी,
सुहासिनी

*

नाना पेठ,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुहास,

अस्मिताचा डावा खांदा कधीपासून उतरला गं?

पस्तीस वर्षं मी तुझे ब्लाउज शिवलेत. तुझं नाव विसरेन, पण तो खांदा विसरणार नाही. सिस्टर ॲग्नेसच्या शिवणाच्या तासालासुद्धा तुझ्या ॲप्रनचा डावा पट्टा घसरायचा आणि त्या म्हणायच्या, "सुहासिनी, तुला देवाने घाईत शिवलंय." सुनेच्या नावावर स्वतःची मापं पाठवायची आणि तीही स्वतःच्या शिंपिणीला! खोटं बोलायचं तर निदान छाती तरी छत्तीस लिहायचीस.

झोळी कोणाला हवी आहे ते कळलं. कशाला हवी आहे ते तू सांग. तोवर कात्री उचलणार नाही.

पण विचार सुरू केलाय, ती सवय जात नाही. सुती कापड उपयोगाचं नाही. भिजलं की जड होतं, ताणतं, आणि बाळ हळूहळू खाली सरकतं. मुलं खेळताना घालतात ना ते टी-शर्ट, त्यांचं जाळीचं कापड लागेल. पाणी आत शिरलं की तसंच निघून जातं. दोराही सुती नको, पॉलिएस्टरचा. खांद्याशी दोन कड्या, कापड ओवून घट्ट-सैल करायला, बिनजोडाच्या, न गंजणाऱ्या. बोहरी आळीत मिळतील. बाळाचं वजन कळव.

हे बरे आहेत. दिवसभर खुर्चीत बसून असतात.

मेहजबीन

*

खराडी,
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मेहजबीन,

पकडलंस. वजन साडेआठ किलो. आणि झोळी मला हवी आहे.

आमचं घर चौदाव्या मजल्यावर आहे. खिडकीतून खाली तलाव दिसतो. सकाळी अकरा ते दुपारी चार तिथे कोणी नसतं. निळं, स्वच्छ, रिकामं पाणी. सदाशिव पेठेतून मी रोज पहाटे सायकलवर पोहायला जायचे, ते तुला माहीत आहे. ओले केस वेणीत कोंबून शाळेत यायचे आणि तू मागच्या बाकावरून म्हणायचीस, तुझ्या वेणीतून माझ्या वहीवर थेंब पडतात. लग्न झालं, नोकरी झाली, हे गेले, तरी पाणी सुटलं नव्हतं. ते सुटलं ऑक्टोबरात, अस्मिता कामावर परत गेली तेव्हा.

सकाळी आठ ते संध्याकाळी सात शाल्मली माझ्याकडे असते. गोड आहे गं, फार गोड आहे. पण अकरा तास माझे हात माझे नसतात. एका हातात ती, दुसऱ्या हातात तिचं काहीतरी. ती झोपली तरी माझा पदर मुठीत धरून झोपते. मी सोडवायला गेले की उठते. मग मी तशीच बसते, भिंतीवरच्या त्या हिरव्या दिव्याकडे बघत. रात्री सगळे घरी असतात तेव्हा तलाव बंद होतो. शनिवार-रविवारी मुलांची इतकी गर्दी की पाणी दिसत नाही.

म्हणून झोळी. तिला बांधली की दोन्ही हात मोकळे. ऑनलाइन मागवली असती, पण पार्सल निघालं की आधी आमोदच्या फोनवर कळतं.

एक विनंती आहे. कड्या नकोत. गाठही नको. एकदा चढवली की सुटणारच नाही, अशी पक्की शिवून टाक. डोक्यावरून घालायची, बस. मला ती सुटायलाच नको आहे.

आणि लवकर शीव.

सुहासिनी

*

नाना पेठ,
६ मार्च २०२५

सुहास,

रोजे सुरू आहेत. दुपारी डोळ्यांपुढे सुईचं नाक नाचतं, पण कापड आणलं, मोजलं, कापायला बसले. आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. कात्री खाली ठेवली.

मी गोल गोल बोलणारी नाही. चौदा मजले. रिकामा तलाव. कोणी नसण्याची वेळ तुला पाठ आहे. कोणाला कळायला नको, लवकर हवी, आणि बाळ अंगाला असं बांधायचं की सुटणारच नाही.

हे पत्र वाचून खरं तर मी चप्पल घालून तडक खराडीला निघायला हवं होतं. निघता येत नाही म्हणून विचारते. ज्याला पाण्यातून वर यायचं असतं तो कडी मागतो. तू कडी नको म्हणतेस. तुला वर यायचंय ना? खरं सांग. रागव, पण सांग. तुझं उत्तर येईपर्यंत कापड तसंच पडून राहील.

मेहजबीन

*

खराडी,
१९ मार्च २०२५

मेहजबीन,

तुझं पत्र फाडलं. दोन वेळा फाडलं आणि तुकडे भाजीच्या सालांत टाकले. दहा दिवस तुझ्याशी मनात भांडतेय. पन्नास वर्षांची ओळख, आणि तू माझ्याबद्दल असं मनात आणलंस? नातीला घेऊन?

मग काल दुपारी ती पदर धरून झोपली होती, आणि मी पहिल्यांदा तुझ्या डोळ्यांनी माझं पत्र वाचून पाहिलं. मीही घाबरले असते.

मला मरायचं नाही गं. मला पोहायचंय. कडी का नको ते ऐक. कडी असली की मी दर मिनिटाला ती तपासणार. दूध कोमट आहे का, दार लागलंय का, तिने बटण गिळलं का, श्वास चालू आहे का, हे मी दिवसभर तपासत असते. झोपेतही. मला पंधरा मिनिटं काहीही तपासायचं नव्हतं. एवढंच होतं त्यात.

आणि तू विचारशील, मुलाला सांगत का नाहीस? कारण मला कोणी कोंडलेलं नाही. बारशाच्या दिवशी पन्नास माणसांसमोर अस्मिताची आई म्हणाल्या, "आता एखादी चांगली बाई बघायला हवी." आणि मी पेढ्यांचं तबक हातात घेऊन म्हटलं, "बाई कशाला? मी आहे ना." सगळ्यांना किती बरं वाटलं! अस्मिताने माझा हात दाबला. कोणी मला विचारलंसुद्धा नव्हतं, मेहजबीन. मीच बोलले. सदाशिव पेठेतलं घर विकून इथे येऊ, हेही मीच बोलले. आता कुठल्या तोंडाने सांगू की मला हे जमत नाही?

कडी लाव. हवी तिथे लाव.

सुहासिनी

*

नाना पेठ,
२६ मार्च २०२५

प्रिय सुहास,

अल्लाचे आभार आणि तुझेही. रागावलीस ते बरं केलंस. तू रागावलीस तेव्हाच माझ्या जिवात जीव आला.

झोळी सोबत पाठवतेय. पार्सल ललिताच्या नावाने, गेटवरच्या ऑफिसात. सव्वादोन मीटर कापड आहे. खांद्याशी चुण्या घालून कड्यांवर तीन ओळी शिवण टाकली आहे, आणि प्रत्येक ओळ उलटून पुन्हा. सिस्टर ॲग्नेसना उसवायला दिली असती तरी त्यांच्याने उसवली नसती. कडी पुढे आहे, उजव्या हाताला. कापडाचं टोक वर उचललं की एका हाताने सैल होते. आधी घरात साडेआठ किलोचं काहीतरी घालून बघ.

आता नीट ऐक. बाळ उभं, तुझ्या छातीला छाती लावून. तिचं तोंड कायम तुला दिसलं पाहिजे आणि हनुवटी तिच्या छातीला टेकता कामा नये. पाणी तुझ्या बरगड्यांच्या वर नको. जयसिंग की कोण तो जीवरक्षक आहे म्हणालीस मागे फोनवर, तो शेजारी हवा. आणि यात पोहता येत नाही, सुहास. ही फक्त पाण्यात उभं राहायची झोळी आहे. हात मोकळे होतील, तू मोकळी होणार नाहीस. तेवढ्यासाठी तुला तुझ्या मुलाला एक वाक्य बोलावं लागेल. तू ते एक वाक्य बोलायचं टाळायला माझ्याकडून सहा ओळी शिवण घालून घेतलीस.

मी मोठी शहाणी. आता माझं ऐक.

हे बरे नाहीत. दोन वर्षं झाली. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आता वेळ विचारली तर माझ्याकडे बघतो. मला कधी "आपा" म्हणतात, कधी "बाई, तुम्ही कोण?" गेल्या महिन्यात मी भाकरी थापत होते तेवढ्यात हे जिन्यावरून पडले. तुझ्या झोळीचं कापड उरलं होतं. मी त्याचा पट्टा शिवला, खुर्चीला बांधायचा. मी स्वयंपाकघरात जाते किंवा खाली दूध आणायला जाते तेव्हा यांना बांधून जाते. तशीच तीन ओळी शिवण. तुझ्या झोळीची कडी पुढे लावली, हाताला येईल अशी. यांच्या पट्ट्याची मागे लावली, हाताला येणार नाही अशी.

शहाबाज हिंजवडीत आहे, बायको-मुलांसह. रोज फोन करतो. मी त्याला सांगितलेलं नाही. माझंही एक वाक्य आहे.

ईद मुबारक आगाऊच. शिरखुर्मा पाठवता येत नाही पत्रातून.

मेहजबीन

*

खराडी,
५ एप्रिल २०२५

प्रिय मेहजबीन,

तुझं पत्र वाचून ओट्याशीच खाली बसले. शाल्मलीने माझ्या गालावर चमचा ठेवला. दोन वर्षं! आणि मी पहिल्या पत्राच्या शेवटी "मैनुद्दीनभाई कसे आहेत" असं लिहून मोकळी झाले, जसं लोक हवापाणी विचारतात.

तुझ्याबद्दल पुढे लिहिते. आधी काय झालं ते सांगते, कारण झालंय बरंच.

झोळीत आधी गव्हाचं पीठ घातलं, साडेआठ किलो मोजून, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. ते बांधून बाथरूममध्ये शॉवरखाली उभी राहिले. शिवण हलली नाही. पिशवी फुटली. ललिता म्हणाली, "काकू, आंघोळ करताना कणीक मळायची ही कुठली पद्धत?"

बुधवारी अकरा वाजता शाल्मलीला घेऊन खाली गेले. जयसिंगला सगळं समजावलं. त्याने कडी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, मी काठावर नाही, पाण्यातच थांबतो." पायऱ्या उतरले. गुडघे, मांड्या, कंबर. पाणी बरगड्यांना लागलं तिथे थांबले, तुझी शपथ. शाल्मलीने एकदा श्वास आत ओढला आणि मग अशी हसली की जयसिंगही हसला. आणि मी हात सोडले. दोन्ही. बाजूला पसरले. पाण्याने ते आपोआप वर उचलले. मेहजबीन, सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातांना कोणीतरी धरलं.

अकरा मिनिटं. पुढचा सगळा तलाव माझ्यासमोर होता आणि मी एक पाऊल पुढे टाकू शकत नव्हते. तू म्हणालीस तसंच. उभं राहायची झोळी.

बाराव्या मिनिटाला सातव्या मजल्यावरच्या कोणीतरी बाल्कनीतून फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, "सुपर आजी" म्हणून. कौतुकानेच टाकला. अस्मिता दीड वाजता घरी आली. चप्पलही काढली नाही.

"आई, तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणून."

ती सोफ्यावर बसली. झोळी दोरीवर वाळत होती, ती घेऊन आली आणि शिवण बघत राहिली. म्हणाली, "हे तुम्ही महिनाभर ठरवत होतात? माझ्यापासून लपवून? मी इतकी वाईट आहे?" मी म्हटलं, "तू वाईट नाहीस गं." आणि मग ते वाक्य बोलले. कॅमेरा चालू होता, म्हणजे आमोदनेही ऐकलं असेल. "मला रोज अकरा तास हे जमत नाही. मी बोलले होते जमेल म्हणून. माझं चुकलं."

आमोद संध्याकाळी आला तो म्हणाला, "आई, आता मधेच?" तीन दिवस घरात सगळे एकमेकांशी फार नीट बोलतायत. प्लीज, थँक्यू. झोळी अस्मिताने तिच्या कपाटात ठेवलीय आणि बाळाला घेऊन तलावावर जायचं नाही, हे ठरलंय. बाई बघायची का, तर "बघू." पण काल डबा भरताना अस्मिता माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुरुवारी मी घरून काम करते. अकरा ते एक शालूला मी बघेन. एकनंतर मला मीटिंग असते." बस, एवढंच. आठवड्यातले दोन तास.

आता तुझं. मी ठरवलंय. येत्या गुरुवारपासून मी तुझ्याकडे येणार. रिक्षाने येईन, मैनुद्दीनभाईंपाशी बसेन. तू तेवढा वेळ बाहेर पड, कुठेही जा. पट्टा बांधायची गरज पडणार नाही. नाही म्हणू नकोस. माझं पोहणं काय, इतके महिने राहिलं, अजून राहील. मी आहे ना.

तुझी,
सुहासिनी

*

नाना पेठ,
८ एप्रिल २०२५

प्रिय सुहास,

हे स्पीड पोस्टने टाकतेय, म्हणजे गुरुवारच्या आत मिळेल.

तुझं पत्र वाचून रडले. मग शेवटची ओळ वाचली आणि तुला एक थोबाडीत द्यावीशी वाटली. "मी आहे ना." पुन्हा? कोणी मागितलं होतं? या वेळी तबकही नव्हतं हातात.

येऊ नकोस. आलीस तर दार उघडणार नाही, मला खरोखरच कमी ऐकू येतं आता. खराडीहून इथे यायला एक तास, जायला एक तास. झाले तुझे दोन तास. तुला रिक्षात बसायला सुनेने सुट्टी दिली का?

काल शहाबाजचा फोन आला होता. आज सांगायचंच, असं ठरवून बसले होते. त्याने विचारलं, "अब्बू कैसे हैं?" मी म्हटलं, "ठीक हैं." फोन ठेवला आणि यांचा पट्टा सोडला. यांनी उठून कपाटाशी जाऊन उगाच एक खण उघडला, बंद केला, आणि परत खुर्चीत येऊन बसले. पट्ट्याची दोन्ही टोकं उचलून माझ्या हातात दिली. म्हणजे बांध. शिकलेत ते. मी बांधला नाही. समोर बसून राहिले, भाकरी करपेपर्यंत.

तर माझं वाक्य अजून आहे माझ्यापाशी. ते मलाच बोलावं लागेल, तू येऊन बसलीस की मी आणखी दोन वर्षं ते बोलणार नाही. मला चांगलं माहीत आहे मी कशी आहे ते.

तू गुरुवारी अकरा वाजता खाली जा. हातात काही घेऊ नकोस, टॉवेलशिवाय. पायऱ्यांवर थांबू नकोस. त्या टोकापर्यंत जा आणि परत ये, आणि दम लागला तरी पुन्हा जा. एक वाजायच्या आत वर जा, अस्मिताची मीटिंग चुकवू नकोस, ती मुलगी चांगली आहे. आणि केस पुसायच्या आधी मला दोन ओळी लिही. कागदावर थेंब पडले तर पडू देत. शाई पसरली तरी मी वाचेन.

तुझी,
मेहजबीन